वाचकांचे प्रश्न : फुंकीवर वाजणारी आभासी वाद्ये

प्रश्न : मी पूर्वी क्लॅरिनेट वाजवत असे. अलीकडे इलेक्ट्रॉनिक विंड कंट्रोलर (फुंक आणि बोटांची हालचाल संगणकाला कळवणारे उपकरण) घेऊन तो संगणकातील आभासी क्लॅरिनेटला जोडला आहे. उत्तम ध्वनिमुद्रणांवरून तयार केलेला आवाज असूनही माझे वादन ऐकणाऱ्याला कीबोर्डवर वाजवल्यासारखे वाटते. आवाजांचा अधिक महाग संच घ्यावा, की कंट्रोलरच बदलावा?

उत्तर : यांपैकी काहीही बदलण्यापूर्वी आपली फुंक संगणकात नेमकी कोणत्या कामाला लावलेली आहे, हे तपासावे. कंट्रोलर फुंकीचा दाब सतत मोजतो आणि तो बहुधा 0 ते 127 या आकड्यांच्या रूपात पुढे पाठवत राहतो. 1983 साली आलेल्या मिडी या, वाद्ये व संगणक यांच्यात आज्ञा पोहोचवणाऱ्या पद्धतीत प्रत्येक नियंत्रणाला क्रमांक असतो, आणि फुंकीसाठी क्रमांक 2 राखून ठेवलेला आहे. तथापि अनेक आभासी वाद्ये जोर कमी-अधिक करण्याची आज्ञा क्रमांक 11 वर घेतात, आणि कीबोर्ड डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली काही वाद्ये तर कळ किती वेगाने दाबली गेली, एवढ्यावरूनच प्रत्येक सुराचा स्वभाव ठरवून टाकतात. हा मेळ बसला नाही, की अनेक जण फुंक क्रमांक 7 ला, म्हणजे निव्वळ आवाजाच्या पातळीला, जोडून मोकळे होतात. माझ्या मते कृत्रिमपणाचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

खऱ्या क्लॅरिनेटमध्ये फुंक वाढवल्यावर केवळ आवाज मोठा होत नाही. अगदी हळू वाजवलेल्या सुरात मूळ कंपनाखेरीज फारसे काही नसते; दाब वाढत जातो तसतशी रीडची, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या पातळ कंप पावणाऱ्या पट्टीची, हालचाल अधिक तीव्र होते, वरचे स्वरांश एकेक करून मिसळू लागतात आणि सूर उजळ, पुढे धारदार होत जातो. शिवाय जोरात फुंकल्यास क्लॅरिनेटचा सूर किंचित उतरतो, तर आडव्या बासरीचा चढतो, आणि वादक ओठांनी तो जागेवर आणत असतो. फुंक फक्त पातळीला जोडली, तर जोरात वाजवलेला एकच सूर रेडिओचे बटण फिरवून लहान-मोठा केल्यासारखा ऐकू येतो. म्हणून आभासी वाद्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फुंक त्याच्या मुख्य अभिव्यक्तीच्या नियंत्रणाला जोडावी आणि पातळीचे नियंत्रण एका जागी स्थिर ठेवावे.

एवढे करूनही समाधान झाले नाही, तर वाद्याची जात पाहावी लागेल. ध्वनिमुद्रित सुरांवर आधारलेल्या वाद्यात हळू, मध्यम आणि जोरकस असे वेगवेगळे थर असतात आणि फुंकीप्रमाणे एका थरातून दुसऱ्यात जावे लागते. हा बदल होत असताना काही क्षण दोन क्लॅरिनेट एकत्र वाजल्याचा भास होतो, कारण दोन्ही मुद्रणांतील कंपने एकमेकांशी जुळतातच असे नाही. दुसऱ्या जातीच्या वाद्यांत मुद्रणाऐवजी रीड, नळी आणि त्यांतील हवा यांच्या परस्परक्रियेचे गणित चालते. यामाहाने 1994 साली व्हीएल1 हा या तत्त्वावरचा सिंथेसायझर आणला. आज तेच काम साध्या संगणकावरील सॉफ्टवेअर करते. अशा वाद्याचा एकेक सुटा सूर कदाचित मुद्रणाइतका देखणा वाटणार नाही, परंतु फुंकीच्या प्रत्येक चढउताराला ते अखंड प्रतिसाद देते, आणि विंड कंट्रोलर वाजवणाऱ्याला मी निःसंकोचपणे हीच जात सुचवेन.

यानंतर फुंकीचा आलेख, म्हणजे किती फुंकीला कोणता आकडा जावा याची रेषा, बसवावा. आपण सर्वाधिक जोर लावल्यावरच 127 हा आकडा गाठला गेला पाहिजे. तो मध्यम फुंकीलाच गाठला जात असेल, तर त्यापुढील सारा जोर वाया जातो. खालच्या टोकाला आलेख जरा सावकाश चढणारा ठेवला, म्हणजे हळुवार सूर हाताळणे सोपे जाते. दीर्घ सूर सावकाश वाढवताना पायऱ्या ऐकू येत असतील, तर वाद्यात फुंकीचे आकडे मऊ करण्याची सोय आहे का, ते पाहावे.

जोडसुरांकडेही लक्ष द्यावे. एकाच फुंकीत बोटे बदलली असता नव्या सुराला पुन्हा जिभेचा आघात मिळता कामा नये. त्यासाठी वाद्य एका वेळी एकच सूर वाजवणाऱ्या आणि लेगाटो, म्हणजे सूर न तोडता जोडणाऱ्या, पद्धतीवर ठेवावे, आणि आघात हवा असेल तेथे खरोखरच जीभ लावून फुंक क्षणभर तोडावी. ओठांच्या दाबावरून मिळणारी थरथर क्लॅरिनेटसाठी मी बंदच ठेवेन, कारण अभिजात पाश्चात्त्य वादनात हे वाद्य बहुधा थरथरीशिवाय वाजते. (सॅक्सोफोनच्या बाबतीत माझा सल्ला उलट असता.) कंट्रोलरची बरीच सप्तके हाताशी आली, की खऱ्या वाद्याच्या पट्ट्याबाहेर जाण्याचा मोहही होतो, तो आवरावा. सुरांच्या वाक्यांमध्ये श्वास घेण्याची जागा मात्र सोडावी.

प्रश्न : फुंक मारल्यापासून सूर ऐकू येईपर्यंत थोडा वेळ जातो. हा दोष कंट्रोलरचा आहे काय?

उत्तर : बहुधा नाही. संगणक ध्वनी तुकड्यातुकड्यांनी तयार करतो. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या गतीने 128 नमुन्यांचा एक तुकडा सुमारे 3 मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे आवाजाला हवेतून एक मीटर अंतर कापायला लागतो तेवढाच वेळ. 1024 नमुन्यांचा तुकडा मात्र सुमारे 23 मिलिसेकंदांचा होतो आणि तो बोटांना जाणवतो. तुकड्याचा आकार कमी करावा, विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (ध्वनीतील उशीर कमी करणारे सॉफ्टवेअर) वापरावा, आणि ब्लूटूथचे हेडफोन बाजूला ठेवून तारेचे वापरावेत.

प्रश्न : स्पर्शाने चालणाऱ्या कळांवर सूर बदलताना मध्येच नको असलेला तिसराच सूर उमटतो. काय करावे?

उत्तर : एकाच वेळी अनेक बोटे उचलावी किंवा ठेवावी लागतात, तेथे एखादे बोट क्षणभर आधी पोहोचते आणि कंट्रोलर तीही बोटांची एक मांडणीच समजतो. खऱ्या वाद्यात हा क्षण हवेच्या स्तंभाच्या जडत्वात बराचसा लपून जातो. अनेक कंट्रोलरमध्ये कळांचा प्रतिसाद किंचित उशिरा घेण्याची सोय असते. ती थोडीच वाढवावी, अन्यथा जलद ताना अडखळू लागतात. बोटे कळांवर नुसती विसावण्याची सवय मात्र सोडावीच लागेल, कारण या कळांना दाब कळत नाही, फक्त स्पर्श कळतो.

प्रश्न : कंट्रोलरवरचा सराव पुढे खऱ्या क्लॅरिनेटवर उपयोगी पडेल का?

उत्तर : श्वासाचे नियोजन आणि जिभेचे काम काही अंशी उपयोगी पडेल, ओठांची पकड पडणार नाही. बोटांचाही भरवसा धरू नये, कारण क्लॅरिनेट जोराने वरच्या पट्टीत नेली की सप्तक नव्हे, तर बारावा सूर मिळतो, म्हणून तिची बोटांची रचना वरच्या पट्टीत वेगळी होते. कंट्रोलरची मांडणी मात्र सहसा सॅक्सोफोनप्रमाणे सप्तकाची असते.