घरी बीट्स बनवतो. यावर पोट भरेल का?

प्रश्न: बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक बीट्स, म्हणजे गाण्याखालचं संगीत, बनवतो. नुजाबेस या जपानी बीट बनवणाऱ्यासारखं स्वतंत्र राहून काम करायचंय. यात करिअर होतं का? बाबांना काय सांगू? आणि आधी स्पीकर घेऊ की हेडफोन?

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

करिअर होतं, पण नुसत्या बीट्सवर फार थोड्यांचं. मी डोंबिवलीत राहतो, अकरा वर्षं हेच करतोय. गेल्या वर्षी घरात आलेल्या पैशातला मोठा वाटा दुसऱ्यांच्या गाण्यांच्या मिक्सिंगचा (गाण्यातले सगळे आवाज नीट जुळवून देण्याचा), दोन जाहिरातींचा आणि शनिवार-रविवारच्या शिकवणीचा होता. माझ्या नावावरच्या ट्रॅक्समधून महिन्याचं लाइट बिल निघतं. मे महिन्यात तेही निघत नाही. स्पॉटिफायने तर २०२४ पासून नियमच केलाय, की आधीच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम्स नसतील तर त्या ट्रॅकच्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळणार नाहीत. माझे चौदा जुने ट्रॅक त्या चाळणीतून खाली पडले.

आता नुजाबेस. खरं नाव जुन सेबा. आडनाव आधी घेऊन रोमन अक्षरं उलटी वाचली की नुजाबेस. त्याच्या पियानोबद्दल सगळे बोलतात, दुकानाबद्दल कुणी बोलत नाही. टोकियोच्या शिबुया भागात त्याचं गिनेस रेकॉर्ड्स नावाचं रेकॉर्डांचं दुकान होतं, आणि हाइडआउट प्रॉडक्शन्स हे लेबलही, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनीही, त्याचंच. विचार कर, जुनं जॅझ रोज हाताखालून जातंय, त्यातलाच एखादा तुकडा उचलून बीट बनतोय, सब्स्टॅन्शिअलसारखा अमेरिकन रॅपर त्यावर रॅप करतोय, आणि रेकॉर्ड निघतेय ती स्वतःच्याच लेबलवर. ‘मेटाफोरिकल म्युझिक’ हा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला २००३ साली, तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. ‘सामुराय चाम्प्लू’ ही अ‍ॅनिमे मालिका, जिच्यामुळे तुझ्यामाझ्यापर्यंत तो पोचला, ती त्याच्या पुढच्या वर्षीची. २०१० च्या फेब्रुवारीत टोकियोत गाडीच्या अपघातात गेला, छत्तिसाव्या वर्षी. तेव्हा त्याच्यासारखं स्वतंत्र राहायचं म्हणत असशील तर तुझं दुकान कोणतं, ते आधी ठरव. माझं दुकान म्हणजे मिक्सिंग.

शिकवणीतली मुलं मला क्रेटेक्स या डीजेचं उदाहरण देतात. मराठी शब्द, हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा ठेका, आणि २०२४ साली ‘तांबडी चामडी’ थेट स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलवर. मलाही त्याचं अप्रूप आहे, वरातीत ते वाजलं की मीही नाचतो. पण एका गाण्याकडे बघून घरखर्चाचा हिशोब मांडू नये.

कागदाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण माझं नुकसान तिथेच झालं. २०१६ मध्ये एका रॅपरला व्हॉट्सअ‍ॅपवर तीन हजारांना बीट दिला. ना पावती, ना करार, नुसतं “भावा, मस्त” आणि अंगठा. दोन वर्षांनी तोच बीट एका जाहिरातीत ऐकला. रॅपर म्हणाला, विकत घेतला होता. नंतर एका वकील मित्राने सांगितलं, की कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर लेखी आणि सहीनिशी लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे बीट माझाच होता! पण तो मीच बनवला हे दाखवायला माझ्याकडे काय होतं? प्रोजेक्ट फाइल ज्या हार्ड डिस्कवर होती ती केव्हाच बंद पडली होती. गप्प बसलो.

आता प्रत्येक बीटची प्रोजेक्ट फाइल आणि स्टेम्स (एकेका वाद्याचे सुटे आवाज) दोन ठिकाणी ठेवतो, आणि गिऱ्हाइकाला ईमेलवर लिहून देतो की हे लीज आहे (नुसती वापरायची परवानगी) की एक्सक्लुझिव्ह (फक्त त्यालाच), किती वर्षांसाठी, जाहिरातीत वापरता येईल की नाही. एक्सक्लुझिव्ह असेल तर सही केलेला कागद. गाण्यात चाल माझी असेल तर रॅपरचा वाटा किती, माझा किती, हे रिलीजच्या आधी ठरवतो. नंतर विषय काढला की मैत्रीत खडा पडतो. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा सभासद हो. डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे गाणी अ‍ॅप्सवर चढवणाऱ्या कंपनीकडून, येतात ते रेकॉर्डिंगचे पैसे. संगीतकार म्हणून तुझी रॉयल्टी वेगळी, ती या संस्थेमार्फत येते. मी सभासद व्हायला सहा वर्षं लावली, निव्वळ आळस.

आवाजांबद्दल एकच. फुकट सॅम्पल पॅक (तयार आवाजांचे संच) सगळ्यांकडे तेच असतात. मी एका हलगीवाल्या काकांना घरी बोलावून दोन तास रेकॉर्ड केलं, त्यांना पंधराशे रुपये दिले, आणि हे गाण्यात वापरणार हे आधीच सांगून त्यांची सही घेतली. काका हलगी शेकायला जाळ कुठे करू म्हणाले, मी गॅस पेटवून दिला. आई अजून बोलते त्यावरून. पण त्या दोन तासांतले तुकडे माझ्या पाच ट्रॅक्समध्ये आहेत, आणि तसा आवाज दुसऱ्या कुणाकडे नाही.

बाबांना सांग की बी.कॉम. पूर्ण करतोय. खरंच पूर्ण कर, बिलं आणि टीडीएस स्वतःला कळले तर माझ्यासारखा सीएला पैसे देत बसणार नाहीस. पदवीनंतर दोन वर्षं मागून घे आणि पहिल्या महिन्यापासून कमाईची वही त्यांच्यासमोर ठेव. माझ्या वडिलांनी माझी एकही बीट पूर्ण ऐकलेली नाही, वही मात्र दर महिन्याला बघायचे.

हेडफोनच घे, पाठ बंद नसलेले, ओपन-बॅक. दहा बाय दहाच्या खोलीत चांगले स्पीकरही बेसबद्दल खोटं बोलतात, आणि शेजारचे वेगळंच बोलतात. मिक्स झालं की मोबाइलच्या स्पीकरवर ऐक, मग ओळखीच्या रिक्षावाल्याला लावायला सांग. माझ्या स्टँडवरचे एक दादा ऐकून एवढंच सांगतात, “किक दिसत नाय.” किक म्हणजे ड्रमचा जड ठोका. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.