स्क्रू आणि छेद हे दोन वेगळे प्रश्न

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. इचलकरंजीत पस्तीस वर्षं यंत्रमागावर उभं राहून काम केलं. दोन वर्षांपासून दोनशे पावलं चालले की दोन्ही पाय भरून येतात, कुठंतरी बसावंच लागतं. सायकल मात्र अजून चालवतात. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यात नसा दबल्यात आणि मणका थोडा सरकलाय असं आलं. एक डॉक्टर म्हणतात, पाठ उघडून स्क्रू टाकू. दुसरे म्हणतात, दोन सेंटिमीटरच्या छेदातून करू, पण खर्च जास्त. वडिलांना मधुमेह आहे. आई दागिने गहाण ठेवायला निघालीय. काय करावं?
– एक मुलगी, इचलकरंजी

उत्तर : ताई, सायकलचं ते एक वाक्य तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. उभं राहिलं की कण्यातली नसांची वाट आवळते, पुढं वाकलं की मोकळी होते. सायकलवर माणूस वाकलेलाच असतो, म्हणून वडिलांना तिथं त्रास नाही. हे कॅनाल स्टेनोसिसचं, म्हणजे ही वाट अरुंद झाल्याचं, अगदी ओळखीचं लक्षण. तरी मधुमेह आहे, तेव्हा पावलावरची नाडी कुणीतरी हात लावून बघितलीय ना, ते विचारा. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. छेद केवढा, हा एक. सरकलेला मणका जागेवर धरून ठेवायला स्क्रू टाकायचे का, हा दुसरा. लहान छेदातूनही स्क्रू बसवता येतात, आणि पाठ उघडूनही स्क्रू न टाकता नुसत्या नसा मोकळ्या करता येतात. दोन डॉक्टरांनी तुम्हाला दोन निरनिराळी ऑपरेशनं सांगितलीत. त्यांची तुलना नुसत्या छेदावरून होणार नाही.

मी शिकले ते उघड्या पद्धतीनं. मधोमध लांब छेद घ्यायचा, दोन्ही बाजूंचे स्नायू हाडावरून खरवडून बाजूला करायचे, मागची हाडाची कमान काढायची. नसा छान मोकळ्या व्हायच्या. पण दुसऱ्या दिवशी रुग्णाला कुशीवर वळवताना त्याचा चेहरा बघवायचा नाही. पाय हलके झालेले असायचे, रडायचा तो पाठीसाठी. आता मी बहुतेक वेळा एका बाजूनं दोन सेंटिमीटरच्या छेदातून नळी घालते. स्नायूचे धागे नुसते फाकवायचे. मायक्रोस्कोपखाली जाड झालेला पिवळा अस्थिबंध तुकड्या-तुकड्यानं काढायचा, आणि मधल्या हाडाखालून वाकून पलीकडची बाजूही साफ करायची. दबून चपटं झालेलं नसांचं आवरण हळूहळू फुगतं आणि ठोक्याबरोबर हलायला लागतं. ते हललं की माझा जीव भांड्यात पडतो. इतक्या वर्षांनीही.

लहान छेदाचा खरा फायदा पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. रक्त कमी जातं, पाठ कमी दुखते, माणूस लवकर उठतो. जखमेत पू होण्याचा धोकाही कमी राहतो, आणि वडिलांच्या मधुमेहात मला हे मोलाचं वाटतं. पण वर्षभरानंतर पाय किती चालतात, हे नसा किती नीट मोकळ्या झाल्या यावर ठरतं. अडचणीही आहेत. आवरण फाटलं तर अरुंद नळीतून टाका घालणं अवघड जातं, आणि या पद्धतीत हात बसायला वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा : हे ऑपरेशन तुम्ही महिन्याला किती करता? राग मानू नयेत असाच प्रश्न आहे हा.

आता स्क्रू. मणका सरकलेल्या २६७ रुग्णांचा नॉर्वेतला अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या नसा मोकळ्या केलेल्यांपैकी आणि सोबत स्क्रूही टाकलेल्यांपैकी, दोन्ही गटांत दोन वर्षांनी दहातल्या सुमारे सात जणांना चांगला आराम होता. नुसत्या नसा मोकळ्या केलेल्यांत पुन्हा ऑपरेशनची पाळी जराशी जास्त जणांवर आली, हेही सांगते. वडिलांचा वाकून आणि मागं झुकून असा उभ्यानं एक्स-रे काढून घ्या. त्यात मणका ठळकपणे पुढं-मागं हलत असेल तर स्क्रूचा सल्ला रास्त आहे. हलत नसेल आणि पाठीपेक्षा पायच जास्त त्रास देत असतील, तर मी स्क्रूशिवाय, लहान छेदातून नसा मोकळ्या करायचा आग्रह धरीन.

आईंना म्हणावं, दागिने कपाटात राहू द्या. आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा आणि यातलं काय योजनेत बसतं ते विचारा. जास्तीचे पैसे फक्त लहान छेदासाठी मागत असतील आणि ते कर्ज काढून द्यावे लागणार असतील, तर हात बसलेल्या सर्जनकडून उघड्या पद्धतीनं करून घेण्यात काहीही कमीपणा नाही. वडील चालतील. तोवर तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आणा आणि तंबाखू असेल तर आजच बंद करा. घाई नाही.

घाई एकाच वेळी करायची : लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या.

एक्स-रे झाला की काय निघालं ते कळवा.