मुंबईत ‘स्मॉल क्लेम्स कोर्ट’ शोधताय? आधी समोरचा तुमचा कोण लागतो ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कांदिवलीला एकट्या राहता. किचनच्या ट्रॉल्या आणि बेडरूमचं कपाट करून देतो म्हणून एका फर्निचर कॉन्ट्रॅक्टरने १ लाख ४० हजारांच्या कामापैकी ८५ हजार आगाऊ घेतले, सांगाडे उभे केले आणि फोन उचलणं बंद केलं. शिवाय ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला यूपीआयने दिलेले ४० हजार हातउसने परत येत नाहीत. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, ‘स्मॉल क्लेम्स कोर्टात जा, वकीलसुद्धा लागत नाही.’ मुंबईत लघुवाद न्यायालय आहेच, तर दोन्ही दावे तिथेच लावू का?

नका लावू. माझी बरीचशी नोकरी त्याच कोर्टात गेली, धोबी तलावाला, एका वकिलांचा कारकून म्हणून. ‘लघुवाद’ ही पाटी वाचून लहानसहान उधारीची कागदपत्रं घेऊन आत येणारी माणसं तिथे नेहमी दिसायची. त्यांना बाहेरच्या बाहेर परत पाठवावं लागे, कारण पैशांच्या वसुलीचा दावा त्या कोर्टात फक्त १० हजार रुपयांपर्यंतचाच चालतो. तुमच्या दोन्ही रकमा त्यात बसत नाहीत.

मग ते कोर्ट करतं काय? १८८२ च्या प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्ट्स कायद्यावर ते उभं आहे, आणि मुंबईतले घरमालक-भाडेकरू, लायसन्स देणारा-घेणारा यांचे जागेच्या ताब्याचे आणि भाड्याचे दावे तिथेच जातात. तिथे रकमेची मर्यादा नाही. गिरगावातली पागडीची खोली असो की फोर्टातलं कोट्यवधींचं ऑफिस, दावा ‘लघु’ कोर्टातच. महापालिकेने मालमत्ता कर ठरवताना जागेचं मूल्य जास्त लावलं, तर त्याचं अपीलही तिथेच. नगरसेवकाच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं तरी तिथल्याच मुख्य न्यायाधीशांकडे. एवढा पसारा असलेल्या कोर्टाला लघुवाद म्हणतात म्हणून आम्ही कारकून मंडळी चहाच्या टपरीवर हसायचो.

भावाचं चुकलं नाही. त्याच्याकडे रक्कम ठरावीक आकड्याच्या आत असली की सुताराचा वाद काय आणि मित्राचा काय, एकाच खिडकीवर जातो. आपल्याकडे तशी एक खिडकी नाही. आपल्याकडे आधी विचारायचं असतं की समोरचा माणूस तुमचा कोण लागतो. पैसे घेऊन सेवा देणारा असेल तर ग्राहक आयोग. जागेचा मालक किंवा भाडेकरू असेल तर लघुवाद. सोसायटी असेल तर बहुतेक वाद सहकार न्यायालयात किंवा उपनिबंधकाकडे. वीज, टेलिफोन, विमा, हॉस्पिटल यांच्याशी भांडण असेल तर स्थायी लोकअदालतीचाही रस्ता आहे. आणि यातलं कुठलंच नातं नसेल, नुसती उसनवारी असेल, तर साधं दिवाणी कोर्ट. म्हणून तुमची दोन भांडणं दोन वेगळ्या दारांत जातील.

कॉन्ट्रॅक्टरपासून सुरू करतो, कारण तिथे तुमची बाजू भक्कम आहे. तुम्ही घरच्या वापरासाठी पैसे मोजून काम दिलं, म्हणजे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही ग्राहक, आणि अर्धवट सोडलेलं काम ही सेवेतली त्रुटी. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात जातं, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीची फी शून्य. हो, शून्य. शिवाय आता तक्रारदार स्वतः जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कॉन्ट्रॅक्टर वसईचा असला तरी तुम्ही वसईला खेटे घालायचं कारण नाही. कांदिवली उपनगर जिल्ह्यात येते, म्हणजे तुमचा आयोग वांद्रे पूर्वेला.

पण तक्रार लिहायला बसण्याआधी दोन कामं करा.

पहिलं, अर्धवट काम आहे तसं राहू द्या. दुसरा सुतार लावून घाईने पुरं करून घेतलंत की पुरावा त्या नव्या लॅमिनेटखाली गेला. तारखेसकट फोटो काढा, व्हिडिओ काढा, दार बसत नाही ते, चॅनेल लावलंच नाही ते, सगळं. मग दुसऱ्या एखाद्या कॉन्ट्रॅक्टरला बोलवा आणि ‘आजवर झालेलं काम साधारण एवढ्या किमतीचं, उरलेल्याला एवढा खर्च येईल’ असं त्याच्या लेटरहेडवर सही-तारखेनिशी लिहून घ्या. ओळखीतला एखादा आर्किटेक्ट असेल तर अजून उत्तम. आयोगापुढे सगळं या कागदावर फिरतं. कारण समोरचा आला तर तो हेच म्हणणार की ८५ हजारांचं काम मी केलंय, उलट बाईंकडूनच येणं आहे.

दुसरं काम म्हणजे पत्ता. अशा प्रकरणात खरी अडचण हीच असते. व्हिजिटिंग कार्डावर मोबाइल नंबर आणि गणपतीचं चित्र, पत्ता नाही. नोटीस आणि समन्स पोचल्याशिवाय काहीच हलत नाही. कोटेशनवर किंवा बिलावर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर तो टाकून बघा, व्यवसायाचं नाव आणि मुख्य जागा दिसते. नसेल तर सोसायटीच्या वॉचमनकडचं रजिस्टर बघा, कामगारांचे पास काढताना आधारची झेरॉक्स घेतली असेल. प्लायवुड ज्या दुकानातून आलं त्या दुकानदारालाही विचारा. दुकानाची उधारी असली तर त्याने पत्ता नक्की धरून ठेवलेला असतो.

पत्ता हाती आला की नोटीस. ग्राहक तक्रारीला आधी नोटीस पाठवलीच पाहिजे अशी कायद्यात सक्ती नाही, तरी पाठवा, कारण निम्मी माणसं तिथेच जागी होतात. वकिलाकडूनच गेली पाहिजे असंही नाही. साध्या मराठीत एक पान पुरतं: कधी काय ठरलं, कोणत्या तारखेला किती पैसे कोणत्या मार्गाने दिले, काय झालं आणि काय राहिलं, आणि पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम पुरं करा किंवा अमुक रक्कम परत द्या, नाहीतर ग्राहक आयोगात जाईन. शिव्या नाहीत, ‘तुला बघून घेईन’ नाही. तुमचा हा कागद उद्या आयोगाचे सदस्य वाचणार आहेत. आपण ज्याला रजिस्टर एडी म्हणायचो ते टपाल खात्याने २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन केलंय, तेव्हा स्पीड पोस्टाने, पोचल्याच्या पुराव्यासह पाठवा आणि त्याच दिवशी तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. दोन निळ्या टिका उपयोगी पडतात.

नोटिशीबरोबरच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवा. मोठ्या कंपन्या तिथे पटकन वाकतात. एकट्या कॉन्ट्रॅक्टरवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, पण नोंद राहते. मुंबई ग्राहक पंचायत ही १९७५ पासून याच कामात असलेली संस्था आहे, तिच्या मार्गदर्शनाचाही लाभ घ्या.

पंधरा दिवस गेले की तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. मागणी लिहिताना हात आखडू नका आणि सोडूही नका: दिलेल्या रकमेतून झालेल्या कामाचं वाजवी मूल्य वजा करून बाकी परत, त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. ८५ हजारांच्या वादात १० लाखांची भरपाई मागणारे मी पाहिलेत. त्याने तक्रारच हलकी होते. वकील इथे खरंच लागत नाही, स्वतः उभं राहून बोलता येतं. तरी हवाच असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० ही हेल्पलाइन. चांगली पगारदार बाई असलात तरी हा हक्क तुमचा आहे, लाजायचं काही नाही.

समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर वर १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठामपणे सांगितलं की ४५ दिवसांनंतर आयोग मुदत वाढवून देऊ शकत नाही. तो आलाच नाही तर प्रकरण एकतर्फी चालतं. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल. तुम्ही मात्र वर्ष धरून चाला, जास्तही लागू शकतं. निकालानंतर तो जुमानत नसेल तर त्याच ग्राहक कायद्याचं कलम ७२ आहे: आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते १ लाख दंड, किंवा दोन्ही. दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याला, म्हणजे निकालाच्या आदेशाला, हा दात नसतो, म्हणून जिथे ग्राहक आयोगात जाता येतं तिथे दिवाणीत जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तक्रारीची मुदत मात्र दोनच वर्षांची, त्याने काम सोडलं तेव्हापासून मोजा.

पोलीस ठाण्यात जाऊन बघितलंत तर ‘मॅटर सिव्हिल आहे’ असं ऐकायला मिळेल, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. फसवणुकीचा गुन्हा व्हायला पैसे घेतानाच त्याचा इरादा खोटा होता हे दाखवावं लागतं. याने सांगाडे उभे केलेत, म्हणजे सुरुवात तरी केली होती. त्याच माणसाने आणखी पाच-सहा जणांना असंच बुडवल्याचं कळलं तर गोष्ट वेगळी, मग सगळे मिळून जा.

आता सहकाऱ्याचे ४० हजार. इथे ग्राहक-बिहक काही नाही, पैसे वसुलीचा साधा दिवाणी दावा. मुंबईत १० हजारांच्या वरचा असा दावा नगर दिवाणी न्यायालयात जातो, उपनगरातल्यांसाठी त्याची दिंडोशीला शाखा आहे. या कोर्टाची हद्द २०२४ पासून १० कोटींपर्यंत गेली आहे, म्हणजे तुमचे ४० हजार बिल्डरांच्या कोटींच्या दाव्यांशेजारी बोर्डावर लागणार. कोर्ट फी, वकिलाची फी, रजा टाकून तारखांना जाणं, हा हिशेब केलात तर ४० हजारांसाठी दावा लावणं मला परवडणारं वाटत नाही. दोन लाख असते तर वेगळं बोललो असतो.

म्हणून माझा सल्ला असा की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचं प्रकरण म्हणून अर्ज द्या. त्याला कोर्ट फी नाही. प्राधिकरण सहकाऱ्याला नोटीस काढतं, लोकअदालतीत दोघांना समोरासमोर बसवतं. कोर्टाच्या शिक्क्याचं पाकीट घरी आलं की बायको विचारते हे काय आहे, आणि पुष्कळांची तडजोडीची तयारी तिथे सुरू होते. दरमहा ५ हजार अशा हप्त्यांवर मिटलं तर चालवून घ्या. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. पण तो आलाच नाही, किंवा आला आणि नाही म्हणाला, तर लोकअदालत त्याच्यावर काही लादू शकत नाही.

त्याच्याशी बोलणं चालू असेल तर आणखी एक: परतफेडीचा चेक मागा. दिला आणि वटला नाही तर दाराची दिशाच बदलते. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस, ते संपल्यावर महिन्याभरात मॅजिस्ट्रेटकडे कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची तक्रार. ती जिथे तुमचं खातं आहे त्या शाखेच्या हद्दीत होते. यातली एकही तारीख हुकवू नका. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड होऊ शकतो म्हटल्यावर उसनं घेणाऱ्याची स्मरणशक्ती सुधारते.

उसन्या पैशांच्या दाव्याची मुदत पैसे दिल्यापासून तीन वर्षं. ती संपायच्या आत त्याच्याकडून सहीनिशी ‘एवढे देणं आहे’ असं लिहून घेतलंत तर तीन वर्षं नव्याने सुरू होतात. यूपीआयने पैसे दिले ते बरं झालं, बँक स्टेटमेंट बोलतं. पण नुसत्या स्टेटमेंटवरून पैसे गेले एवढंच दिसतं, उसने दिले हे दिसत नाही. त्यासाठी ‘पुढच्या पगाराला देतो’वाले त्याचे मेसेज लागतील. ते पुसू नका, आणि फोन विकू नका. दाव्यात त्या मेसेजच्या प्रिंटबरोबर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत.

आणि उद्या दावा लावायचीच वेळ आली, हुकूमनामा झाला, तरी तो वसूल करायला पुन्हा दरखास्त द्यावी लागते. त्या वेळी तुमचा सहकारी नोकरदार आहे हे तुमच्या पथ्यावर पडेल. पगारातले पहिले १ हजार आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सोडून बाकीच्यावर जप्ती आणता येते, आणि ते पैसे कापून कोर्टात भरायचा हुकूम थेट कंपनीला जातो. तो नोकरी बदलण्याच्या विचारात असल्याचं कानावर आलं, तर नवीन कंपनीचं नाव तेवढं विचारून ठेवा.