आमदारांनी सभागृहात दवाखान्याबद्दल प्रश्न विचारून खरंच काही होतं का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात औषधं बाहेरून आणायला लावतात, तर आमदारांना विधानसभेत प्रश्न टाकायला सांगण्यात अर्थ आहे, की नुसती धूळफेक?

अर्थ आहे, पण टीव्हीवर दिसतो त्या गोंधळात नाही. मी पुण्यात रुग्णहक्काचं काम करतो. अधिवेशन जवळ आलं की एकदोन आमदारांच्या पीएंना आरोग्याचे प्रश्न लिहून देतो. मंत्रालयातून निघालेला प्रश्न उपसंचालक, जिल्हा शल्यचिकित्सक असं करत शेवटी त्याच रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर येतो, ‘तात्काळ माहिती सादर करावी’ असा शेरा घेऊन. उत्तर छापून येण्याआधीच फोनाफोनी सुरू होते आणि कुठल्या तरी गोदामातला साठा हलतो. खरा परिणाम बहुतेक वेळा हाच. तारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्यांची, यादी प्रश्नोत्तराच्या तासाभरात क्वचितच संपते. उरलेल्यांची उत्तरं लेखीच मिळतात.

मात्र प्रश्न कसा लिहिलाय त्यावर बरंच अवलंबून. ‘रुग्णालयात औषधांचा तुटवडा आहे, हे खरे आहे काय?’ असं विचारलंत तर ‘हे खरे नाही’ असं उत्तर येतं आणि पुढच्या सगळ्या पोटप्रश्नांना एकच ओळ: ‘प्रश्न उद्भवत नाही.’ संपलं! त्यापेक्षा अमुक इंजेक्शनची मागणी कधी नोंदवली, पुरवठा किती झाला, आज ई-औषधीवर (औषधसाठ्याची सरकारी ऑनलाइन नोंद) शिल्लक किती, मंजूर पदं किती आणि भरलेली किती, असं विचारा. आकड्याला ‘खरे नाही’ म्हणता येत नाही.

दवाखाना कोणाचा, हेही आधी बघा. पुण्यातलेच लोक इथे फसतात. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, कमला नेहरू महापालिकेचं. 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. ससूनच्या खिडकीवर तो जीआर दाखवून भांडणारे मी पाहिलेत. तुमचं ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागात येतं, त्यामुळे प्रश्न त्याच मंत्र्यांना.

पैशांबद्दल विचारायचं तर ‘तरतूद किती’ एवढ्यावर थांबू नका. तरतूद नेहमीच भरघोस दिसते. निधी वितरित किती झाला, खर्च किती आणि त्यातला मार्चमध्ये किती, हे विचारा. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2017 साली राज्यांनी बजेटच्या 8 टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा असं म्हटलं होतं; महाराष्ट्र त्याच्या आसपासही नाही. औषधखरेदी आधी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. तेव्हा खरेदी कुठे अडकली, हा पोटप्रश्न हमखास घाला. कॅगचे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेचे, अहवालही चाळा. आमदारांना त्यातला परिच्छेद क्रमांक दिलात तर ते खूश होतात, कारण सभागृहात तो नाकारणं मंत्र्यांना जड जातं.

आणि हे सगळं अधिवेशनाच्या बरंच आधी पोचवा. प्रश्न देण्याची मुदत अधिवेशन सुरू होण्यापूर्वीच संपते. नंतर गेलात तर पीए चहा पाजून वाटेला लावतील. मग लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) तेवढी उरते, आणि तिथे तर तुमच्या औषधांपेक्षा मोठ्या बातम्यांची रांग असते.