मार्क वाढवायला नकार दिला म्हणून खाजगी शाळा शिक्षकाला काढू शकते का? कायदा पाठीशी राहतो का?

राहतो, पण तुम्हाला वाटतंय तसा नाही. एमईपीएस म्हणजे महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली, हे नोकरीचं बघतात. पोराला वीसपैकी किती मार्क द्यायचे ते त्यात नाही.

भोगलंय म्हणून लिहितेय. पलूस तालुक्यातलं अनुदानित हायस्कूल, माझ्याकडं दहावीचं गणित. अंतर्गतच्या 20 मार्कांत एका पोराला मी 9 दिले, वही नाही, गृहपाठ नाही, चाचणीला दोनदा गैरहजर. पोरगं संचालकांच्या घरातलं. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम 18 करा, मार्क काय तुमच्या घरचे आहेत का? मी म्हटलं सर, घरचे नाहीत म्हणूनच देता येत नाहीत.

आठ दिवसांनी शाळा सुटल्यावर सचिवांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला राजीनामा, माझं नाव अगदी बरोबर, खाली ‘दिनांक’ आणि पुढं मोकळी जागा, शेजारी टोपण काढून ठेवलेला पेन. हात कापत होते माझे. पण आमच्या एका रिटायर सरांनी सांगून ठेवलेलं डोक्यात होतं, कलम 7, राजीनामा आपण दोन प्रतींत लिहायचा, दोन्हीवर सही आणि तारीख आपणच घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला आणि एक आपल्याजवळ. मोकळ्या तारखेवर सही मागणाऱ्याचा हेतू चांगला नसतोच. सही न करता उठून आले.

मग थेट बडतर्फीचं पत्र. चौकशी समिती तीन जणांची लागते, एक संस्थेचा, एक आपण सुचवलेला आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला शिक्षक. इथं समितीच नाही, चौकशीच नाही. कलम 9 खाली कोल्हापूरच्या ट्रिब्युनलला, म्हणजे शाळा न्यायाधिकरणाला, अपील केलं, आणि साडेतीन वर्षं एसटीनं जयसिंगपूर, हातकणंगले करत तारखांना गेले. चौकशी न करता काढलं एवढ्याच मुद्द्यावर आदेश रद्द झाला, कामावर घ्या आणि मागचा पगार द्या. माझे 9 मार्क बरोबर की चूक, ते कुणी विचारलंसुद्धा नाही.

मोठे दीर दर सणाला म्हणायचे, नऊ मार्कांपायी घर उपाशी ठेवलंस. भाऊजी, वर्गातली बाकीची पोरं वर्षभर वह्या तपासायला रांगेत उभी राहायची, त्या पोराला 18 देऊन त्यांना मी कुठल्या तोंडानं 15 देणार होते?

तुमचं प्रोबेशन चालू असेल तर मात्र जपून, त्या काळात काम समाधानकारक नाही म्हणून महिन्याच्या नोटिशीवर काढता येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेला हा कायदा नाही. आणि अपिलाचे 30 दिवस आदेश हातात पडल्यापासून मोजायचे, साहेबांना भेटून मिटवू म्हणत ते घालवू नका. मी चोविसाव्या दिवशी दाखल केलं, तेही दीर नको नको म्हणत असताना.