जुनी फोर बाय फोर जीप सांभाळायला वर्षाला किती खर्च येतो?

प्रश्न: साताऱ्यात राहतो. 1999 ची महिंद्रा एमएम 540, फोर बाय फोर, ओळखीत मिळतेय. डिझेल सोडून वर्षाला किती खर्च धरावा? घरचे म्हणतात, पांढरा हत्ती दारात बांधू नकोस.

उत्तर: घरच्यांचं ते वाक्य प्रश्नात नसतं तर आकडा सांगून मोकळा झालो असतो. पण हेच वाक्य आमच्या घरात आण्णांच्या जीपवरून इतकी वर्षं ऐकतोय की आता सगळंच लिहितो.

आधी आकडा. आमचीही 540 च, नव्वदच्या दशकातली. गाव मेढ्याच्या वर, राहायला साताऱ्यात. गावी येणंजाणं कायम, पावसाळ्यात जास्त. डिझेल सोडून साधारण तीस हजार रुपये वर्षाला जातात. त्यात विमा, ऑइल, ग्रीसिंग, ब्रेकचं काम, एखादा क्रॉस (फिरत्या शाफ्टचा सांधा), एखादा स्प्रिंगचा पाटा हे सगळं आलं. टायर किंवा डिझेलच्या पंप-नोझलचं काम ज्या वर्षी निघतं त्या वर्षी हा आकडा सहज दुप्पट होतो. सपाटीला दहा-बाराचं अॅव्हरेज, केळघर घाट चढताना त्याहून कमी. विम्यात घासाघीस चालत नाही. इंजिन 2112 सीसीचं, म्हणजे 1500 च्या वरचा स्लॅब, थर्ड पार्टी 7,897 रुपये आणि त्यावर जीएसटी. एवढ्या जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स द्यायला कंपन्या नाखूशच असतात, त्यामुळे तो विषय सोडा.

कागदाचा खर्च मात्र नीट धरा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी री-पासिंग, म्हणजे आरटीओत गाडी दाखवून नोंदणीचं नूतनीकरण. तुमची 1999 ची, म्हणजे 2014, 2019 आणि 2024 अशी तीनदा झालेली असायला हवी आणि पुढची 2029 ला. आरसी बघताना पहिली नजर याच तारखेवर टाका, कारण मुदत संपलेली असेल तर खासगी चारचाकीला महिन्याला 500 रुपये लेट फी चढत जाते. वीस वर्षांवरच्या चारचाकीची री-पासिंगची फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 झाली आहे. पर्यावरण कर त्याशिवाय. नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली नसेल तर 745 अधिक जीएसटी. आणि ‘दहा वर्षांनंतर डिझेल गाडी बंद’ असं कुणी सांगत असेल तर तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागातला, साताऱ्यातला नाही.

आता पांढऱ्या हत्तीचं. आण्णा गेल्यावर जीप आम्हा दोघा भावांत राहिली आणि खर्च निम्मा-निम्मा ठरला. मध्यंतरी तिला वॉबलिंग सुरू झालं. कोरेगाव रस्त्याला पन्नासच्या वर गेलं आणि पुढचं डावं चाक खड्ड्यात आपटलं की स्टेअरिंग हातात थडथडायला लागायचं, आणि गाडी जवळपास उभी करेपर्यंत थांबायचं नाही. घरची बायकामाणसं बसायला तयार होईनात. दादाच्या ओळखीचं शहरातलं एक मोठं गॅरेज होतं, तिथं गाडी नेली. त्यांनी आधी व्हील बॅलन्सिंग केलं. फरक नाही. मग टाय-रॉडचे (स्टेअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे) एंड बदलले. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग स्टेअरिंग बॉक्सच नवीन टाकला, वर धक्के शोषणारा डॅम्पर बसवला आणि ‘जुनी गाडी आहे, थोडं चालायचंच’ म्हणून चावी हातात दिली. घाटाकडे वळायच्या आत जीप पुन्हा थरथरली. बिल मात्र असं होतं की दादानं ते देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याला दाखवलं. बघा, हा पांढरा हत्ती.

मेढ्यात एक मिस्त्री आहेत, आयुष्यभर जीपच करत आलेले. त्यांच्याकडे नेली तेव्हा त्यांनी काहीही खोलायच्या आत पुढचं चाक जॅकवर उचललं. एक हात टायरच्या माथ्यावर, दुसरा खाली, आणि चाक आत-बाहेर हलवलं. खटखट आवाज आला. मग माझ्या हातात धरायला दिलं आणि म्हणाले, “वर-खाली धरल्यावर हलतंय, आडवं धरल्यावर नाय. म्हंजी स्टेअरिंगचा दोष न्हाय भाऊ, किंगपिन गेलीय.” किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडं वळतं ती. चाक उतरवून, ड्रम काढून किंगपिनची बेअरिंग बाहेर घेतली. तिच्या वाटीत रोलरांनी खळगे पाडले होते, बोट फिरवलं की लागायचे. एक्सलचं आतलं सील फाटून हौसिंगमधलं (एक्सलच्या कवचातलं) पातळ ऑइल ग्रीसमध्ये उतरलं होतं, म्हणून सगळी ग्रीस पाण्यासारखी झालेली. त्यांनी बेअरिंग आणि सीलं बदलली. मग एकेक पातळ शिम (पत्र्याची चकती) घालत गेले आणि दर वेळी हूकचा ताणकाटा अडकवून नकल (चाकासोबत वळणारा भाग) ओढून बघत गेले. जास्त घट्ट झालं की शिम वाढवायची, सैल वाटलं की काढायची. दोन्ही बाजू होईपर्यंत दुपार टळली. पहिल्या बिलाच्या दहाव्या हिश्श्यात काम झालं आणि वॉबलिंग गेलं ते आजपर्यंत आलेलं नाही.

माझं दादाला तेव्हापासून एकच सांगणं आहे. ते पहिलं बिल जीपचं नव्हतंच, ते न कळणाऱ्या हातांचं होतं. जुन्या फोर बाय फोरचा खर्च मिस्त्री ठरवतो, मॉडेल नाही. म्हणून तुम्ही गाडी बघायच्या आधी मिस्त्री बघा. ट्रान्सफर (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गियरबॉक्स), किंगपिन, फ्री व्हील हब (पुढची चाकं एक्सलला जोडणारं-सोडणारं कुलूप) हे शब्द ज्याला समजवावे लागतात त्याच्याकडे जाऊ नका, त्याचं शोरूम कितीही चकाचक असो.

दादाचं दुसरं म्हणणं असं की वर्षातनं चार दिवस फोर व्हील लागते, त्यासाठी वर्षभर कशाला पोसायची? त्या पैशात नवी गाडी हप्त्यावर येईल. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. नव्या एसयूव्हीचे दोन-तीन हप्ते म्हणजे आमच्या जीपचं अख्खं वर्ष. बाजारात एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना फक्त पुढची दोन चाकंच ओढतात. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास 600 मिलिमीटर पाऊस कोसळला, जावळी-पाटणकडचे रस्ते जागोजागी खचले, दरडी आल्या. आमच्या वाडीचा रस्ता तांबड्या चिखलानं भरला होता. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना आणि एका बाळंतिणीला डांबरी रस्त्यापर्यंत लो गियरमध्ये आणलं ते याच जीपनं, आणि त्यात दादाची सासूही होती. चार दिवसांचा हिशेब करताना ते दिवस कुठले होते हेही धरायला हवं.

उलट, फोर व्हील न वापरल्यानंच खर्च वाढतो. महिन्यातनं एकदा तरी मातीच्या रस्त्यावर हब लॉक करून, फोर व्हीलचा लिव्हर टाकून थोडं चालवायचं, म्हणजे पुढच्या हौसिंगमधलं ऑइल फिरतं, सीलं सुकत नाहीत, लिव्हर गंजून अडकत नाही. पण कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून फिरवू नका. या गाड्यांना मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गियर, नसतो. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण ट्रान्सफरमध्ये आणि क्रॉसवर साठतो, आणि मग लिव्हर निघत नाही म्हणून लोक हातोडी मारतात. याच कारणासाठी चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत. ओढ्यातनं पाणी तुडवून आलात तर हौसिंगचं ऑइल तपासा. दुधी दिसलं तर त्याच आठवड्यात बदला, शे-दोनशे वाचवायला गेलात तर क्राउन-पिनियन (एक्सलमधले मुख्य गियर) जाईल.

रुंद टायर, उंच सस्पेन्शन, विंच, लाइटांची रांग लावलेली जीप मिळत असेल तर घेऊ नका. मोठ्या टायरनं किंगपिन, बेअरिंग, स्टेअरिंग सगळ्यांचं आयुष्य घटतं. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय, त्यामुळे पासिंगला अडवतील. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार चालते. कागदावर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरंच. इंजिन नंबर आणि चासी नंबरवरची माती-ग्रीस पुसून ते आरसीशी स्वतः जुळवा. ओळखीतली गाडी आहे म्हणून हे टाळू नका, ओळखीतच जास्त फसगत होते.

काही गोष्टी उशिरा सुचतायत, पण त्या लिहायलाच हव्यात. मी सांगितलेला तीस हजारांचा आकडा पत्रा शाबूत असलेल्या गाडीचा आहे. आपल्या पश्चिम भागातल्या पावसात राहिलेली जीप असेल तर पायाखालच्या मॅट उचला, चासीच्या आतल्या बाजूला स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. भसकन आत गेला तर पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम तुमच्या सगळ्या हिशेबाला पुरून उरेल. कोरड्या माण-खटावकडची गाडी या बाबतीत बरी निघते. रोज हायवेनं पुण्याला जायचं असेल तर जीप घेऊच नका, आवाजानं आणि पाट्यांच्या दणक्यानं महिन्यात कंटाळाल, आणि खंबाटकीत मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करतील. एअरबॅग नाही, एबीएस नाही, लहान पोरं घेऊन लांबचा प्रवास करणाऱ्यानं हे आधी घरात बोलून घ्यावं. आणि माझं सगळं बोलणं महिंद्राच्या जुन्या जीपबद्दल आहे. तिचे भाग मिळायला अडचण नाही, जिप्सीचेही मिळतात. जुन्या पजेरोसारखी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर हे आकडे तिला लावू नका, तिथं एकेका भागासाठी थांबावं लागतं.

घरच्यांना पटवायचं असेल तर एक वही घाला आणि प्रत्येक कामापुढं ते काम का निघालं हे लिहीत जा. झीज, हयगय की चुकीचा मिस्त्री, असे तीन रकाने पुरेत. आमच्या वहीत झिजेच्या रकान्यातली बेरीज सगळ्यात लहान आहे. दादाला मी ती दाखवली. खिळ्यावरचं बिल त्यानं काढलेलं नाही, पण निम्मा खर्च न मागता देतो.