स्विंडल शब्द वापरताना, नवीन भाषांतर करणाऱ्यांसाठी

अरे तू भाषांतरात इंग्रजी स्विंडलला सगळीकडे फसवणे लिहिलंयस, ते चुकीचं नाही पण फार मिळमिळीत होतं. फसवणे तर प्रेमातही होतं, स्विंडलमध्ये पैसा किंवा मालमत्ता जायलाच हवी, म्हणून लुबाडणे नाहीतर गंडा घालणे घे. आणि इंग्रजीत उलट लिहिताना रचना सांभाळ, स्विंडल समवन आउट ऑफ समथिंग, म्हणजे आधी माणूस येतो मग पैसे, ते आउट ऑफ आपल्याकडचे बरेच जण विसरतात.

हा शब्द जर्मन श्विंडलरवरून आला, श्विंडल म्हणजे चक्कर, म्हणजे मुळात ज्याचं स्वतःचंच डोकं गरगरतं असा हवेतल्या योजना आखणारा माणूस, आणि मग ठग, मला हे कळल्यावर शब्द कायमचा लक्षात राहिला. आधी स्विंडलर आला आणि त्यावरून नंतर क्रियापद झालं.

फ्लीस वेगळा बरं का, मेंढीची लोकर कातरणे, टुरिस्टकडून अव्वाच्या सव्वा भाव घेतात तिथे तो बसतो, आपली बिनपाण्याने हजामत अगदी त्याच्या शेजारची. कॉन म्हणजे आधी विश्वास कमावून मग फसवणं, हा शब्द कॉन्फिडन्सचं, म्हणजे विश्वासाचं, छोटं रूप. 1849 मध्ये न्यूयॉर्कला विल्यम थॉम्पसन नावाचा माणूस पकडला, तो अनोळखी लोकांना विचारायचा की माझ्यावर विश्वास ठेवून उद्यापर्यंत घड्याळ देता का, आणि लोक देत! कॉन्फिडन्स मॅन हे नाव त्यावरूनच गाजलं. एम्बेझल मात्र इथे घुसडू नकोस, ती सांभाळायला दिलेल्या पैशांची अफरातफर, कॅशियरने केलेली वगैरे.

कोर्टाचा कागद असेल तर डिफ्रॉड, तिथे गंडा लिहू नकोस प्लीज, फसवणूकच लिही.